झांग निंग, सामन्यांच्या क्रमाने : वही बीजिंगपर्यंत आली

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. एकाच खेळाडूची सगळी कारकीर्द क्रमाने बघायची, मिळतील त्या चित्रणांवरून हाताने गुणपत्रिका भरायची आणि त्यातलं जे झेपेल ते संध्याकाळी स्वतःच्या खेळात उतरवून बघायचं, असा हा उद्योग आहे. खेळ बॅडमिंटन, आणि खेळाडू निवडली चीनची झांग निंग.

बहुतेक जण पुरुष एकेरीतल्या लिन डानपासून सुरुवात करतात, तोही चीनचाच, आणि त्यात काही चुकीचं नाही. पण मी एकेरी खेळते, चाळिशी ओलांडली आहे, आणि ठाण्याच्या हॉलमध्ये नेटच्या पलीकडे बहुधा माझ्या निम्म्या वयाच्या मुली असतात. झांग निंग पहिल्यांदा जगज्जेती झाली ती २८व्या वर्षी. ऑलिंपिक सुवर्ण मिळालं २९व्या वर्षी आणि तिने ते राखलं ३३व्या वर्षी. माझ्यासारखीला शिकायला मिळेल ते तिच्याकडेच, असं वाटलं.

वहीची पद्धत अनेकांनी विचारली होती. आलेखाची वही घ्यायची, एका रॅलीला एक चौकट. ज्या खेळाडूची सर्व्हिस तिच्या ओळीत टिंब. रॅली कशी संपली ते एका अक्षरात : ‘न’ म्हणजे फूल (शटल) नेटमध्ये, ‘ब’ म्हणजे बाहेर, ‘थ’ म्हणजे थेट मिळवलेला गुण, मग तो स्मॅशवर (जोरात खाली ठोकलेला फटका) असो की ड्रॉपवर (नेटजवळ हलकेच पाडलेला). चौकटीच्या कोपऱ्यात एक बारीक बाण काढते, आणि तो शेवटच्या फटक्याचा नसतो, त्याच्या आधीच्या फटक्याचा असतो. समोरचीला कुठल्या कोपऱ्यात पळवलं म्हणून हा गुण निघाला, ते त्या बाणावरून कळतं. झांग निंगच्या पानांवर हे बाण सगळ्यात बोलके आहेत. बहुतेक मागच्या दोन कोपऱ्यांकडे वळलेले आहेत.

जकार्ता, १९९४

झांग निंग १९७५ साली लिआओनिंग प्रांतातल्या जिंझोऊ गावी जन्मली. तिचं नाव जगाने पहिल्यांदा लक्षात ठेवलं ते एका पराभवामुळे. १९८४ ते १९९२ अशी सलग पाच वेळा उबर कप, म्हणजे महिलांची जागतिक सांघिक स्पर्धा, चीनकडे होती. १९९४ची अंतिम लढत जकार्तात, इंडोनेशियाविरुद्ध. इंडोनेशियाने ही स्पर्धा १९७५ नंतर जिंकलेली नव्हती. सुसी सुसांती तेव्हा भरात होती, बार्सिलोना ऑलिंपिकचं सुवर्ण तिच्याकडे होतं. पाच सामन्यांची लढत २–२ अशी बरोबरीत आली आणि शेवटच्या एकेरीवर सगळं येऊन ठेपलं. चीनकडून १९ वर्षांची झांग निंग, समोर १४ वर्षांची मिया ऑडिना.

तीन गेम चालले आणि ऑडिना जिंकली. कप इंडोनेशियाकडे गेला.

जकार्ताच्या प्रेक्षकांबद्दल वेगळं सांगायला नको. फूल वर जाताना एक आवाज, खाली येताना दुसरा, आणि पाहुण्या खेळाडूच्या प्रत्येक चुकीवर तिसरा. त्या गदारोळात निर्णायक सामना खेळायला १९ हे वय काही मोठं नाही. पण लोकांनी लक्षात काय ठेवलं, तर समोरची १४ वर्षांची होती हे. सांघिक स्पर्धेतला असा पराभव खेळाडूच्या नावावर कायमचा लागतो. चीनमध्ये तर जरा जास्तच, कारण तिथे संघाचं पदक आधी आणि बाकी सगळं मागून.

मधली वर्षं

झांग निंगची गोष्ट सांगणारा माणूस इथून थेट अथेन्सला उडी मारतो. १९९४ला हरली, २००४ला त्याच मुलीला हरवलं, हिशेब फिटला. ऐकायला छान वाटतं. पण क्रमाने बघायचं ठरवल्यामुळे मला मधली नऊ-दहा वर्षं टाळता आली नाहीत, आणि माझं मत आता पक्कं झालं आहे की खरी कारकीर्द तिथेच घडली.

तेव्हाच्या चिनी महिला एकेरीची रांग आठवून बघा. ये झाओयिंग १९९५ आणि १९९७ची जगज्जेती. तिच्या बरोबरीने गाँग झिचाओ आणि दाइ युन. सिडनी ऑलिंपिकला, २००० साली, एकेरीत याच तिघी गेल्या. गाँग झिचाओने सुवर्ण आणलं, ये झाओयिंगने कांस्य. झांग निंग २५ वर्षांची होती आणि तिचं नाव संघात नव्हतं. मागून येणाऱ्याही कमी नव्हत्या : गाँग रुईना, झोउ मी, शिए शिंगफांग. रुईना २००१ साली सेव्हिल इथे जगज्जेती झाली, तेव्हा ती जेमतेम विशीची. म्हणजे आधीच्या मोठ्या खेळाडूंना हलवता येत नाही आणि मागून आलेल्या लहान ओलांडून पुढे निघाल्या, अशा जागी झांग निंग उभी होती. वांग चेनसारख्या तिच्याच वयाच्या खेळाडूने हाँगकाँगकडून खेळायचा मार्ग धरला. झांग निंग राहिली.

या वर्षांतली माझी पानं विरळ आहेत, चित्रणं तुकड्यातुकड्यांनी मिळतात. पण जी मिळाली ती ओळीने लावली की तिच्या खेळातला एक बदल डोळ्यांत भरतो. आधीच्या सामन्यांत संधी मिळाली की ती ठोकते. उंची चांगली, हात लांब, त्यामुळे ठोकायची हौस साहजिकच. नंतरच्या सामन्यांत तीच संधी मिळाल्यावर ती एक फटका थांबते. फूल पुन्हा मागच्या कोपऱ्यात पाठवते, समोरचीला अजून एकदा वळायला लावते आणि मग खेळते. गुणफलकावर याचा पत्ता लागत नाही, वहीतल्या बाणांत लागतो.

बर्मिंगहॅम, २००३

ही जागतिक स्पर्धा मे महिन्यात व्हायची होती, सार्सच्या साथीमुळे जुलैअखेरवर गेली. अंतिम फेरीत झांग निंगने गाँग रुईनाला हरवलं. २८व्या वर्षी पहिलं जागतिक विजेतेपद. जिला मागे टाकून रुईना पुढे गेली होती, तिनेच.

या सामन्यावर जास्त लिहीत नाही. एकतर्फी सामन्यातून शिकायला कमी मिळतं.

अथेन्स, २००४

इथे मी सगळ्यात जास्त वेळ काढला, आणि इथेच एक पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे.

कोरं पान उपांत्य सामन्याचं. झांग निंग विरुद्ध झोउ मी, दोघीही चीनच्या. झांग निंग सरळ दोन गेममध्ये जिंकली. पुढे २००८ मध्ये चीनचे मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत उघडपणे सांगितलं की झोउ मीला जोर लावू नको असं सांगण्यात आलं होतं. झांग निंग अंतिम सामन्याला ताजीतवानी राहावी, हा त्यामागचा विचार. झोउ मी नंतर कांस्यपदकाचा सामना जिंकली. पुढे ती हाँगकाँगकडून खेळली आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावरही पोहोचली.

झांग निंगवर माझं प्रेम आहे म्हणून हे लपवणं मला पटत नाही. जो सामना खेळायचाच नव्हता त्याची गुणपत्रिका भरून काय शिकायचं? पानावर तारीख आणि दोन नावं आहेत, बाकी काही नाही. यात झोउ मीचं नुकसान झालं, आणि प्रेक्षकांचंही. झांग निंगचंही झालं असं मी म्हणेन, कारण तो सामना खेळून जिंकण्याइतकी ती तेव्हा नक्कीच चांगली होती आणि आता ते कधीच सिद्ध होणार नाही.

अंतिम सामना मात्र कुणाच्या सांगण्यावर नव्हता. समोर मिया ऑडिना, आता नेदरलँड्सकडून. लग्नानंतर ती तिकडे गेली होती. मधल्या काळात तिच्या नावावर अटलांटाचं, म्हणजे १९९६च्या ऑलिंपिकचं रौप्य जमा होतं. तिथे ती १७ वर्षांची होऊ घातली होती. तर १९९४च्या निर्णायक सामन्यातल्या दोघी दहा वर्षांनी पुन्हा समोरासमोर. एकीचं वय २९, दुसरीचं २५ ला टेकलेलं.

निकाल ८–११, ११–६, ११–७. पहिला गेम झांग निंग हरली हे लक्षात घ्या.

जुन्या गुणपद्धतीत न खेळलेल्यांसाठी इथे थोडं थांबते. तेव्हा ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळायचा, आणि महिला एकेरीचा गेम ११चा असायचा. समोरचीची सर्व्हिस असताना तुम्ही रॅली जिंकलात तर गुण नाही, फक्त सर्व्हिस तुमच्याकडे आली. त्यामुळे माझ्या पानावर टिंबं पुढे पुढे सरकत जातात आणि गुण तिथल्या तिथेच. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून पुन्हा पहिलीकडे. ज्यांनी या पद्धतीत सामने खेळले आहेत त्यांना ठाऊक असेल, या ओळी अंगावर येतात. आपण जिंकतोय आणि तरी काही वाढत नाही. आपल्या मुंबईची अपर्णा पोपट याच पद्धतीत नऊ वेळा राष्ट्रीय विजेती झाली आणि सिडनी, अथेन्स अशी दोन ऑलिंपिक खेळली. तिचे जुने सामने बघितलेल्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

दुसऱ्या गेमपासून झांग निंगने वेग वाढवला असेल असं मला आधी वाटत होतं. पानं भरल्यावर दिसतं ते निराळं. मनगटाची कला ऑडिनाकडे जास्त होती. नेटजवळ तिचा हात इतका मऊ होता की तिथे तिच्याशी खेळायला जाणं म्हणजे तिच्या अंगणात जाणं. झांग निंग त्या अंगणातून निघाली. उंच सर्व्हिस अगदी मागच्या रेषेवर, क्लिअर (उंच, मागच्या रेषेकडे जाणारा फटका) दोन्ही कोपऱ्यांत आलटून पालटून. ऑडिना फूल घ्यायला मागे गेली की तिचं परतणं प्रत्येक वेळी थोडं उशिरा व्हायचं. बाण एकाखाली एक मागच्या कोपऱ्यांकडेच वळलेले आहेत. ड्रॉप येतो तो त्यानंतर, आणि तोही क्लिअरच्याच हालचालीतून. खांदा तसाच फिरतो, कोपर तसंच वर जातं, रॅकेट शेवटच्या क्षणी सावकाश होते.

ही एक हालचाल मी कित्येकदा मागे-पुढे करून बघितली. तिचा रॅकेट नसलेला डावा हात बघा. क्लिअर असो की ड्रॉप, तो फुलाकडे सारखाच वर गेलेला असतो आणि सारख्याच वेळी खाली येतो. आपल्याकडे हॉलमध्ये ड्रॉप मारायचा असला की डावा हात आधीच पडतो, आणि नजर तयार असलेली समोरची मुलगी तेवढ्यावरून पुढे धावते.

माझ्या खेळात काय उतरलं

वरची डाव्या हाताची गोष्ट मी सरावाला घेतली. रोजच्या जोडीदारणीला सांगितलं की मी फटका मारायच्या आधी ‘मागे’ किंवा ‘पुढे’ असं मोठ्याने ओरड. सुरुवातीला ती जवळपास प्रत्येक वेळी बरोबर ओरडायची. आता तिला थांबावं लागतं. फोरहँडच्या कोपऱ्यातून जमतंय, डोक्यावरून वळून मारायच्या कोपऱ्यातून अजून नाही. तिथे पाय वेळेवर पोहोचत नाहीत आणि पाय चुकले की हाताचं नाटक टिकत नाही.

उंच सर्व्हिसचाही फायदा झाला. आमच्या हॉलचं छत बरं आहे, फूल वर जायला जागा मिळते. हल्ली एकेरीतही आखूड सर्व्हिसचीच सवय असलेल्या मुलींना मागच्या रेषेवर सरळ खाली पडणारं फूल नीट मारता येत नाही. ते बाहेर जाईल या आशेवर सोडून देतात, आणि ते रेषेवर बसतं. ज्यांच्या हॉलचं छत खाली आहे किंवा पंखे चालू असतात त्यांनी या वाटेला जाऊ नये.

अनाहाइम २००५, माद्रिद २००६

दोन जागतिक स्पर्धा, दोन्ही वेळा अंतिम फेरी आणि दोन्ही वेळा शिए शिंगफांगकडून हार. शिए ग्वांगझौची, झांग निंगहून जवळजवळ सहा वर्षांनी लहान, तितकीच उंच आणि पायांत जास्त जोर. २००५ ते २००७ सलग तीन वर्षं ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनमधली जुनी, मानाची स्पर्धा तिच्याकडे होती. (झांग निंगला ऑल इंग्लंड कधीच मिळाली नाही. एवढी मोठी खेळाडू आणि ती एक रकाना रिकामा ठेवून गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.)

त्यात २००६ पासून गुणपद्धत बदलली. २१चा गेम, आणि सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण. माझ्या वहीची आखणीसुद्धा इथून बदलावी लागली. जी खेळाडू सर्व्हिस परत मिळवत, थांबत, समोरचीला दमवत जिंकायला शिकली होती, तिच्या हातातून ते थांबणंच काढून घेतलं गेलं. आता प्रत्येक चूक थेट गुणफलकावर. ३१ वर्षांच्या खेळाडूने इथे निवृत्ती घेतली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. संघाने तिच्याऐवजी तरुण मुली पुढे आणल्या असत्या तरी कुणाला वावगं वाटलं नसतं. २००७ची जगज्जेती झू लिन होती, तीही चीनचीच.

बीजिंग, २००८

एकेरीत चीनच्या तीन जागा : शिए शिंगफांग, लु लान आणि झांग निंग. जगज्जेती झू लिन बाहेर राहिली. यावरून त्या संघात जागा मिळवणं किती अवघड होतं ते कळावं.

झांग निंग उपांत्य फेरीत लु लानला हरवून आली. अंतिम सामना १६ ऑगस्टला, बीजिंग तंत्रज्ञान विद्यापीठाच्या सभागृहात. समोर शिए, जिने तिला लागोपाठ दोन जागतिक अंतिम सामन्यांत हरवलं होतं. २१–१२, १०–२१, २१–१८.

मधला १०–२१ बघून बऱ्याच जणांना वाटतं की झांग निंगने दुसरा गेम सोडून दिला आणि दम राखला. माझ्या पानांवर तसं काही दिसत नाही. त्या गेममध्ये तिची फुलं मागच्या रेषेच्या आत आखूड पडत होती, आणि आखूड फूल मिळालं की शिए वरून मारते. एवढं साधं. तिसऱ्या गेममध्ये फूल पुन्हा रेषेपर्यंत जायला लागलं. तिसऱ्या गेमला, ३३व्या वर्षी, हाताची ताकद वाढत नसते. फरक पायांत होता : फुलाच्या मागे आधी पोहोचायचं आणि मग मारायचं. मी फूल लागतानाच्या क्षणाला चित्र थांबवून तिचं मागचं पाऊल कुठे आहे ते बघत गेले. दुसऱ्या गेममध्ये ती बऱ्याचदा मागे झुकून मारते आहे, तिसऱ्यात फूल तिच्या पुढे आहे.

म्हणून मला अथेन्सपेक्षा बीजिंग मोठं वाटतं. अथेन्समध्ये जुनी प्रतिस्पर्धी होती, गोष्ट आपोआप रंगत होती. बीजिंगमध्ये पद्धत नवी, प्रतिस्पर्धी स्वतःच्याच संघातली, तरुण, तिला आधी दोनदा हरवलेली. आणि जिंकणं झालं ते अथेन्समधल्याच जुन्या हत्याराने, मागच्या रेषेवर पडणाऱ्या फुलाने. ऑलिंपिकचं एकेरी सुवर्ण राखणारी ती पहिली खेळाडू. लिन डानने ते २०१२ मध्ये केलं. महिलांमध्ये दोन एकेरी सुवर्णं आजही तिच्या एकटीच्याच नावावर आहेत. त्या ऑलिंपिकच्या समारोपाला चीनचा ध्वज तिच्या हातात होता.

पुढचं

वही संपत आली तरी काम संपलेलं नाही. झांग निंग निवृत्तीनंतर चीनच्या महिला एकेरीची प्रशिक्षक झाली. लंडनला, २०१२ साली, अंतिम सामन्यात ली शुएरुई आणि वांग यिहान या दोघी चीनच्याच होत्या आणि शुएरुई जिंकली. त्याच स्पर्धेत सायना नेहवालचं कांस्य आपल्याला चांगलंच आठवतं : वांग शिन पहिला गेम जिंकून गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर पडली होती. मला आता ते सामने शुएरुईच्या मागच्या पायावर आणि डाव्या हातावर नजर ठेवून बघायचे आहेत. झांग निंगचं थांबणं तिने शिकवलेल्या मुलींपर्यंत पोहोचलं का, हे तपासायचं आहे. रिओला, २०१६ मध्ये, सिंधूने वांग यिहानला २२–२०, २१–१९ असं हरवलं तो सामनाही याच वहीत घेईन.

१९९५ ते २००० मधले तिचे पूर्ण सामने कुणाकडे असतील तर जरूर कळवा, ती पानं फार विरळ आहेत. ज्यांना आपल्या खेळाडूची अशी वही सुरू करायची आहे त्यांनी बाण शेवटून दुसऱ्या फटक्याचाच काढा. पुढच्या आठवड्यापासून मी डोक्यावरून वळायच्या कोपऱ्यावर काम सुरू करते आहे, फुलाशिवाय, नुसत्या पावलांनी.